काजू-आंबा लागवड अनुदान: कागदं आत्ताच जुळवा

सर्व सभासदांना नमस्कार. आजरा, चंदगड, भुदरगड भागातल्या ज्यांना यंदा काजू-आंब्याची नवी बाग धरायची आहे, त्यांनी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेसाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज भरावा. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावकीत सह्या गोळा करायला किती दिवस जातात, हे काय वेगळं सांगायला नको! आजपासूनच मागं लागा.

कृषी विभागाची पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय कलमं उचलू नका. आधीची बिलं धरत नाहीत. रोपवाटिका परवानाधारकच हवी आणि बिल पक्कं. रोप घेताना कलमाचा जोड नीट भरलाय का ते बघा, लावताना तो मातीच्या वर राहू द्या.

अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं आधार जोडलेल्या खात्यावर येतं. दुसऱ्या वर्षीचा हप्ता हवा तर बागायती लागवडीत 90 आणि कोरडवाहूत 80 टक्के झाडं जिवंत लागतात. म्हणून उन्हाळ्यातल्या पाण्याची सोय आहे तेवढीच झाडं लावा.

अडलं तर गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना भेटा.