दीड ओळीचं व्यापमं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकातलं, आपल्या मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या कारकिर्दीवरचं पान वाचलं, काल दिवसभर तेच डोक्यात फिरत होतं म्हणून आज लिहायला बसलो. पान छान आहे हो, नाही कशाला म्हणू. रंगीत फोटो, शेतातला, राखी बांधून घेतानाचा. नोव्हेंबर 2005 मध्ये गौर साहेबांच्या जागी बसले ते मधले कमलनाथांचे 15 महिने सोडले तर डिसेंबर 2023 पर्यंत हललेच नाहीत, लाडली लक्ष्मी, तीर्थदर्शन, लाडली बहना या योजना, सगळं आलंय. आणि व्यापमं, म्हणजे राज्याच्या व्यावसायिक परीक्षा मंडळातला घोटाळा? दीड ओळ. मोजली मी. परीक्षांबद्दल काही आरोप झाले वगैरे, की लगेच पुढे नर्मदा यात्रा.

अहो, हे प्रकरण बाहेर आलं कुठून? आपल्या इंदूरहून. 7 जुलै 2013, पीएमटीचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा दिवस, दुसऱ्याच्या नावावर पेपर द्यायला आलेली बाहेरची पोरं पोलिसांनी हॉटेलांतून उचलली, 20 जण पकडले. आमची धाकटी त्याच दिवशी पेपरला बसली होती. दोन वर्षं तिने टीव्ही बघितला नव्हता, मामेबहिणीच्या लग्नाला सुद्धा एका दिवसात जाऊन परत. सेंटरवरून घरी आली तर गप्प. मग जेवताना म्हणाली, बाबा, माझ्या बाजूच्या रांगेत एक माणूस होता, चांगला काका शोभेल असा, आणि मागचा मुलगा सगळा वेळ त्याच्याच पेपरात बघत होता, सर बघूनही काही बोलले नाहीत. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, तू आपला पेपर बघ ना, लोकांचं कशाला बघते. पुढे पेपरांत 'इंजन-बोगी' छापून आलं, म्हणजे पुढे हुशार इंजन आणि मागे पैसे दिलेली बोगी, तेव्हा कळलं की पोरगी काय सांगत होती. तिला म्हटलं पुढच्या वर्षी परत बस, ती म्हणाली कोणाच्या मागे बसू? बी.एस्सी.ला गेली. आता पुण्यात लॅबमध्ये आहे, बरी आहे, पण ते माझं वाक्य ती अजून मला ऐकवते, चेष्टेतच ऐकवते म्हणा.

आता लगेच कोणीतरी लिहील की शिवराजजींवर काही सिद्ध झालेलं नाही. माहीत आहे मला. तपास आपणच एसटीएफला, म्हणजे पोलिसांच्या विशेष पथकाला दिला असं ते सांगतात, 2015 ला सुप्रीम कोर्टाने सीबीआयकडे दिला, आणि मंडळाच्या कॉम्प्युटरच्या जप्त केलेल्या हार्डडिस्कमध्ये छेडछाड झालेली नाही हे सीबीआयने 2017 मध्ये सांगून टाकलं. ठीक आहे, मान्य. पण 16 वर्षांच्या वर ज्यांचं राज्य त्यांच्या राज्यात हे झालं, त्यांच्याच मंत्रिमंडळात तांत्रिक शिक्षण सांभाळलेले मंत्री 2014 ला आत गेले, सुप्रीम कोर्टाने 634 जणांचे मेडिकलचे प्रवेश रद्द केले, आणि ते सुद्धा 2008 ते 2012 चे, आमच्या पोरीच्या वर्षाचे तर त्यात नाहीतच. त्या 634 जागांवर ज्यांनी बसायला हवं होतं ती पोरं आज काय करतात यावर काढा ना एक रंगीत पान. बाकी कारभार चोख, मंडळाची पाटी दोनदा बदलली, आता म्हणे कर्मचारी चयन मंडळ.

वर तुमच्या लेखकाने पानभर शिवराजजींना 'मामा' 'मामा' केलंय. मामा मराठीतही आईचाच भाऊ, पण मराठीत लोकांना मामा बनवतात सुद्धा, हे इंदूरच्या मराठी पेपरात लिहिणाऱ्याला मी सांगायचं का? योजनांना मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाईंच्या खात्यात लाडली बहनाचे पैसे येतात, त्या मामांना देव मानतात, मानू दे, त्यांच्या हातात खरंच काहीतरी पडलं. माझं म्हणणं फक्त त्या दीड ओळीबद्दल आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, की त्याच्या आधी असेल, दिल्लीच्या विमानात, केंद्रात मंत्री झालेल्या शिवराजजींना तुटकी सीट मिळाली तर केवढी बातमी झाली होती, कंपनीने माफी सुद्धा मागितली. आमच्या घरची सीट गेली तेव्हा कोणी माफी मागितल्याचं आठवत नाही. अर्थात ती मीही नाही मागितली.

जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्यात आडवे 14 ला पाच घरं आहेत आणि रविवारी उत्तर छापलंय तीन अक्षरी. ऑफिसात फोन केला तर एक मुलगा म्हणाला, बघतो काका. आज मंगळवार.

आपला जुना वाचक,
रामबाग, इंदूर