ऑपरेशन बाईचंच काऊन?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिन झाला. आमच्या मानेवाडा रोडवरून सकाळी शाळेच्या पोट्ट्यांची रॅली गेली, पाऊस भुरभुर चालूच होता, पुठ्ठ्यांवर स्केचपेननं लिहिलेल्या घोषणा भिजून शाई लेकरांच्या बोटांवर उतरून राहिली होती, तरी बिचारे जीव तोडून ओरडत होते. एका सहावी-सातवीतल्या मुलीच्या हातात बोर्ड होता, "लोकसंख्येचा भस्मासुर रोखा". मी गेटजवळ उभी होते, बाजूला आमच्याकडे कामाला येणारी बाई होती. तिनं तो बोर्ड हळूहळू वाचला अन् मला विचारलं, "काकू, भस्मासुर म्हणजे आपले लेकरंच ना हो?"

मला उत्तर नाही देता आलं. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून हे पत्र.

या बाईला तीन मुलं. तिसऱ्याच्या वेळी तिचं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पंचवीस-सव्वीसची असेल. दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की नवऱ्याचंही करता येते, सोपं असते, पण नवरा म्हणे माझी ताकद गेली तर ऑटो कोण चालवीन. मग हिचंच झालं. घरी दुसरं कोणी नव्हतं तर आठव्या दिवशी ही टँकरच्या रांगेत पाण्याचा गुंड घेऊन उभी, टाके ओले असताना. हे ती रडत नाही सांगत, भांडे घासता घासता सांगते, तिच्या ओळखीतल्या सगळ्याच बायांचं असंच झालं म्हणून तिला त्यात काही वेगळं वाटतच नाही.

आणि हे काही तिच्या एका घरचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस-५) आकडा आहे, देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी जवळपास ३८ टक्के बायांचं ऑपरेशन झालेलं आहे अन् पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेल्या किती, तर ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं असते, पंधरा-वीस मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जाते. ताकद जात नाही, पुरुषपण जात नाही, फक्त बीज नेणारी नळी बंद होते. एवढंच सांभाळायचं की पहिले तीन महिने निरोध वगैरे वापरायचा अन् मग तपासणी करून घ्यायची. हे किती जणांना माहीत आहे? मी सोसायटीतल्या चार शिकल्यासवरल्या माणसांना विचारलं तर दोघं हसले अन् दोघांनी विषय बदलला.

पुरुषांच्या मनातली भीती हवेतून आली नाही हेही मान्य. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, अन् कित्येकांवर जबरदस्तीनं. त्यानंतर सरकार पुरुषांकडं वळायलाच घाबरलं अन् सगळा कार्यक्रम बाईच्या पोटावर आणून ठेवला, तो अजून तिथंच आहे. पन्नास वर्षं होत आली, आता तरी बोलायला पाहिजे.

दुसरी गोष्ट त्या भस्मासुराची. जगाची लोकसंख्या १५ नोव्हेंबर २०२२ ला ८०० कोटी झाली असं संयुक्त राष्ट्रसंघानं सांगितलं. १९८७ च्या ११ जुलैला ती ५०० कोटी झाली होती, हा दिवस त्यावरूनच पाळतात. पस्तीस वर्षांत ३०० कोटी माणसं वाढली, हे भयंकर आहेच, मी नाही म्हणत नाही, पाणी-जमीन-हवा सगळ्यावर ताण आहे. २०२३ मध्ये आपण चीनलाही मागं टाकलं. पण घोषणा अशा लिहिल्या जातात की जसं काही लोक अजून सहा-सहा, आठ-आठ लेकरं काढून राहिले! त्याच सर्वेक्षणात भारतात एका बाईला सरासरी मुलं २.०, महाराष्ट्रात तर १.७. स्वातंत्र्याच्या सुमारास हाच आकडा सहाच्या आसपास होता. लोकसंख्या जागच्या जागी राहायला साधारण २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो.

मग संख्या अजून वाढतेच कशी, तर आधीच्या पिढीत जास्त मुली जन्मल्या, त्या आता आई व्हायच्या वयात आहेत, प्रत्येकीनं दोनच म्हटले तरी बेरीज काही वर्षं वर जाणारच. चालत्या गाडीला ब्रेक मारला तरी ती थोडी पुढं जातेच ना, तसं. संयुक्त राष्ट्रसंघाचा २०२४ चा अंदाज आहे की जगाची संख्या २०८० च्या दशकात १०३० कोटींच्या आसपास पोचून मग उतरायला लागेल. आता मोठी वाढ आफ्रिकेतल्या काँगो, नायजेरिया, इथिओपिया अशा देशांत आहे, आपल्या शेजारी पाकिस्तानात आहे, अन् तिथंही तेच, पोरी शाळेत टिकत नाहीत, लग्न लवकर, अन् पाळणा लांबवायचं साधन हाताशी नाही.

म्हणून मला पोरीच्या लग्नाचं वय सगळ्यात महत्त्वाचं वाटते. साधा हिशोब आहे, बाया विसाव्या वर्षी आई होत गेल्या तर शंभर वर्षांत पाच पिढ्या, पंचविसाव्या वर्षी झाल्या तर चार. मुलं तेवढीच, दोन-दोन, तरी एकावेळी जगणाऱ्या माणसांत केवढा फरक! अन् आपल्या महाराष्ट्रात एनएफएचएस-५ प्रमाणे २० ते २४ वयाच्या पाचातल्या एकीपेक्षा जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. महाराष्ट्रात! जिथं र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततीनियमनाचं केंद्र काढलं, जिथं १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबईच्या विधिमंडळात संततीनियमनाचा ठराव आला अन् बाकीच्यांनी तो पाडला. दीक्षाभूमीच्या या शहरात तरी ती आठवण ठेवून लोकसंख्या दिन करायला पाहिजे का नाही?

पाण्याचंही लिहिते, कारण टंचाई आली की लोक लगेच वस्तीकडं बोट दाखवतात, "यांची संख्या वाढली म्हणून". २०१९ च्या जुलैत तोतलाडोह धरण आटलं अन् पूर्ण नागपुरात एक दिवसाआड नळ आले ते सगळ्यांना आठवत असेल. पाऊस लांबला होता हे खरंच, पण आपण मोजतो तरी कुठं? २०११ च्या जनगणनेत नागपूर मनपा हद्दीत २४ लाख माणसं होती, २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ची वाट. मधल्या काळात बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडं शेतं जाऊन फ्लॅट उभे झाले, अन् नळ-गटाराचे प्लॅन जुन्या आकड्यांवर. त्यात वस्तीतल्या बाईच्या तिसऱ्या लेकराचा काय दोष? ती दिवसाला चार गुंड पाणी वापरते, तेवढं आमच्या सोसायटीत एक गाडी धुवायला लागते.

त्या बाईची मोठी पोरगी अकरावीला आहे. दिवाळीत गावाकडून स्थळ आलं होतं, आई म्हणाली आधी बारावी होऊ द्या. तिनं हे कोणत्या रॅलीत ऐकलं नव्हतं.

संपादकसाहेब, एक विनंती. पुढच्या जुलैत लेकरांना पावसात फिरवण्यापेक्षा ऑटो स्टँडवर, पानठेल्यावर, कॉटन मार्केटच्या हमालांमध्ये कोणीतरी डॉक्टर जाऊन बोलले तर चांगलं, अन् आपण तेवढं छापा, नागपुरातल्या कोणत्या सरकारी दवाखान्यात पुरुषांचं ऑपरेशन कोणत्या वारी होते, किती वेळ लागते, काय कागद लागतात. ते कात्रण मी आमच्या बाईच्या हातात देईन, तिच्या दिराला दुसरं मूल झालंय अन् घरात आता जावेच्या ऑपरेशनची गोष्ट चालू आहे.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर