कॅम्पच्या तळ्याचा गाळ : वर्गणी राहिलेल्यांसाठी

सगळ्यांना सलाम. मागच्या रविवारी उपासनेनंतर सांगितलं होतं पण निम्मे लोक चहाकडं पळाले होते म्हणून परत टाकायलोय. उन्हाळी शिबिराच्या तळ्यात यंदा पाण्यापेक्षा गाळच जास्त दिसायलाय, ज्या पायरीवर आपण पाय सोडून बसायचो ना तिथं आता भेगा पडल्यात, पोराची चप्पल त्यात जाऊन अडकली काल.

हिशोब सोपाय, एक घनमीटर गाळ निघाला की 1000 लिटर पाण्याला जागा होते. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते विसरला नसाल तर जास्त सांगायची गरज नाही. गाळ न्यायला बाजूचे शेतकरी तयारच हायत, ट्रॅक्टर त्यांचे, म्हणजे आपल्याला फक्त जेसीबीचं भाडं अन् डिझेल बघायचंय. आणखी एक, बांधावरच्या बाभळी काढाव्या लागतील, मुळ्या आत जाऊन पाणी पाझरायलंय. (सावली जाईल म्हणून मलाबी वाईट वाटतंय, पण इलाज नाही.)

पैसे खजिनदारांकडंच द्या आणि पावती घ्या, माझ्या हातात कुणी देऊ नका, मागं एकदा घोळ झाला होता. पुण्यामुंबईला गेलेले जुने कॅम्पवाले नुसते हात जोडलेले इमोजी टाकायलेत, त्यांनीबी जरा खिशात हात घाला. मिरगाच्या आधी काम उरकायचंय, एकदा काळी माती भिजली की जेसीबीच रुतून बसतोय.