आरव्ही न्यायची की नाही?

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेले आरव्हीचे, म्हणजे त्या चाकांवरच्या घराचे, व्हिडिओ पाहिले. आई, तुझा ‘अगं पण त्या गाडीत संडासचं काय?’ हा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला होता, म्हणून आज सगळंच सविस्तर लिहिते. आधी निकाल सांगते. अटलांटाहून स्वतः आरव्ही चालवत डिस्ने वर्ल्डला जायचं मला पटत नाही. पण तिथल्या कँपग्राउंडवर ट्रेलर (तसंच घर, पण स्वतःचं इंजिन नसलेलं, दुसऱ्या गाडीने ओढून आणायचं) आयता आणून उभा करून घेतला आणि आपण कारने गेलो, तर जानेवारीत मजा येईल. तेही आईचे गुडघे हो म्हणाले तरच.

कँपग्राउंडचं नाव फोर्ट विल्डरनेस. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हद्दीतच आहे. तिथलं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं आणि हे त्याच वर्षी नोव्हेंबरात. साडेसातशे एकरांत पाइन आणि सायप्रसची झाडी, त्यात आरव्ही-तंबूंच्या सुमारे ८०० जागा. प्रत्येक जागेवर सिमेंटचा किंवा डांबरी ओटा, वीज आणि पाणी, लाकडी टेबल, कोळशाची शेगडी. ‘फुल हुकअप’ जागेला मैलापाण्याची जोडणीही असते. तंबूवाल्या स्वस्त जागेला ती नसते, त्यामुळे भाड्यातला फरक बघून मोहात पडायचं नाही.

लोक इथे पैसे वाचवायला येतात असं व्हिडिओत ऐकलंत ना, ते डोक्यातून काढून टाका. नुसत्या जागेचं भाडं हंगामाप्रमाणे रात्रीला साधारण दीडशे ते तीनशे डॉलर आणि वर साडेबारा टक्के कर. म्हणजे मोकळ्या ओट्यासाठी आपण साध्या हॉटेलच्या खोलीएवढे पैसे देतो, गाडीचं भाडं वेगळंच.

मग लोक का जातात? दुपारसाठी. तुमच्या वयाच्या माणसांनी सकाळी नऊ ते रात्री नऊ पार्कात फिरणं म्हणजे शिक्षा आहे. फोर्ट विल्डरनेसच्या एका टोकाला ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, तिथल्या धक्क्यावरून बोट निघते ती थेट मॅजिक किंगडमच्या दारात. सकाळी जायचं, बारा-साडेबाराला परतायचं, वरण-भात खाऊन दोन तास आडवं व्हायचं आणि जमलंच तर संध्याकाळी पुन्हा जायचं. नाहीच गेलो तरी मॅजिक किंगडमची आतषबाजी तळ्याकाठच्या वाळूत बसून दिसते. शेकोटीभोवती गाणी असतात, चिनूला दाखवायला घोड्यांचा तबेला आहे, आणि या दोन्हींना तिकीट नाही. डिस्नेत मुक्कामाला असणाऱ्यांना, अगदी कँपवाल्यांनासुद्धा, पार्कात अर्धा तास आधी सोडतात. पार्कांचं कार पार्किंगही फुकट. पण ज्याला रोज दिवसभर पार्कात राहायचंय आणि फक्त झोपायला परत यायचंय, त्याने या जागेच्या वाटेला जाऊ नये. आपल्याला पाच दिवसांत दोनच पार्क करायचे आहेत, म्हणून विचार करतेय. पार्कचं एका दिवसाचं तिकीट तारखेनुसार सव्वाशे ते दोनशे डॉलरच्या घरात जातं आणि बाबा, ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही, आधीच सांगते. दहा वर्षांपुढे सगळे सारखेच.

आता आरव्ही चालवत का न्यायची नाही ते. अटलांटा ते ओर्लँडो सुमारे ४४० मैल. कारने साडेसहा-सात तास, आरव्हीने थांबत थांबत नऊ. तुमच्या मनात असं आहे की अमित गाडी चालवेल आणि तुम्ही मागे पलंगावर पडून राहाल. तसं करता येत नाही. गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा बांधून बसायचं, आणि मागच्या जेवणाच्या टेबलाचे बाक कारच्या सीटपेक्षा कडक असतात. चालत्या गाडीत उठून संडासला जाणं तर हाडं मोडून घेण्याचा धंदा. गाडी १२ फूट उंच, ३० फूट लांब. मागचं चाक शेपटीच्या बरंच पुढे असतं, त्यामुळे वळताना शेपूट बाहेर फेकली जाते आणि नवशिके पेट्रोल पंपाच्या खांबाला नेमके तिथेच घासतात. परवाना मात्र साधा कारचा चालतो, भीती त्याचीच आहे. शिवाय एकदा तिथे पोचून वीज-पाणी जोडलं की आरव्ही अडकून पडते. औषधाच्या दुकानात जायचं तरी सगळं सोडवून, आवरून, बांधून निघावं लागतं.

सहा रात्रींचा हिशेब मांडून पाहिला. जागा रात्रीला १८० धरली तर करासकट १,२१५ डॉलर. आरव्ही चालवत नेली तर आठ दिवसांचं भाडं अंदाजे १,२००, मैलांचा आकार ३८०, गॅलनला ९ मैल पडतात म्हणून पेट्रोल ३४०, विमा-साफसफाई-भांडीकुंडी मिळून ३००. जागेसकट साडेतीन हजारांच्या जवळ. ट्रेलर ओर्लँडोतच भाड्याने घेतला तर सहा रात्रींचे ७२०, आणून उभा करण्याचे २००, विमा वगैरे २००, आपल्या कारचं पेट्रोल शंभर. जागेसकट अडीच हजारांच्या आत. हजार डॉलर वाचतात आणि अमितची कंबरही.

ट्रेलरचा मालक ठरल्या दिवशी येऊन ट्रेलर मागे घेत ओट्यावर लावतो. तिथल्या बहुतेक जागा झाडांमध्ये रिव्हर्स घालायच्या आहेत, हे काम त्यानेच केलेलं बरं. मग तो पातळी साधतो, वीज, पाणी आणि मैलापाण्याची नळी जोडतो. पाण्याच्या नळाला प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर लावलाय का, एवढं आपण बघायचं. दाब पन्नास पीएसआयच्या (पाण्याच्या दाबाचं इथलं माप) आसपास ठेवतात, जास्त दाबाने आतल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे सांधे सुटतात. विजेच्या खांबापाशी सर्ज प्रोटेक्टर हवा, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तरी आतली उपकरणं वाचतात.

आई, स्वयंपाकाचं ऐक. शेगडी प्रोपेन गॅसची असते, त्यामुळे कुकर लावायला काही अडचण नाही. अडचण विजेची आहे. आपण घेऊ त्या आकाराच्या ट्रेलरला ३० अँपियरची जोडणी असते. १२० व्होल्टने गुणलं तर ३,६०० वॅट, सगळ्या ट्रेलरला मिळून. आता जोड: चहाची विजेची किटली १,५०० वॅट, म्हणजे साडेबारा अँपियर. खोली गरम करायचा हीटर तेवढाच. मायक्रोवेव्ह बारा-तेरा. पहाटे हीटर चालू, तू किटली लावलीस आणि चिनूने दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, की ब्रेकर पडलाच. यातला छुपा चोर म्हणजे पाण्याचा गीझर. त्याला गॅस आणि वीज अशी दोन बटणं असतात. विजेचं बटण चालू राहिलं तर तो एकटाच बारा अँपियर खातो आणि ब्रेकर का पडतोय ते कळत नाही. म्हणून गीझर गॅसवर ठेवायचा आणि तापणारी फार तर दोन उपकरणं एका वेळी लावायची. चहा सरळ शेगडीवर करू. तुझा मिक्सर आणू नकोस, २३० व्होल्टचा मिक्सर इथे नुसता कुंथतो. चटण्या आणि गोडा मसाला कोरडेच घेऊन ये. आणि फोडणी बाहेर. ट्रेलरमध्ये मोहरी-मिरची तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो आणि पडद्यांना वास बसला तर साफसफाईचे पैसे अनामत रकमेतून कापतात. बाहेर टेबलावर एक सुटी गॅस शेगडी ठेवू, तिथे हवी तेवढी मिरची घाल.

आणि आता तुझा प्रश्न. संडास आत आहे, लहान आहे, दार जेमतेम वीस-बावीस इंच रुंद. पायाने दाबायचं फ्लश. खाली ३०-४० गॅलनची टाकी, तिला ब्लॅक टँक म्हणतात. भांडी-आंघोळीच्या पाण्याची ग्रे टँक वेगळी. लोकांची नेहमीची चूक अशी: मैलापाण्याची जोडणी आहे म्हणून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पाणी वाहून जातं, घट्ट मागे राहतं आणि त्याचा डोंगर साचून टाकी तुंबते. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळीही धुतली जाते. हातमोजे घालून हे अमित करेल, तुम्ही तिकडे बघायचंही नाही. इथले लोक पाणी वाचवायच्या नादात टाकी कोरडी पाडतात. आपण तांब्या वापरणारी माणसं, आपलं पाणी या टाकीला मानवतंच. एक प्लॅस्टिकचा तांब्या आठवणीने ठेव. ओले वाइप्स मात्र अजिबात आत टाकायचे नाहीत. संडासच्या भांड्याच्या तळाशी थोडं पाणी कायम असू द्यायचं, तेच वास अडवतं.

आंघोळीला गीझरमध्ये सहा गॅलन पाणी. एका माणसाची नीट आंघोळ झाली की दुसऱ्याने अर्धा तास थांबायचं. बाबा, तुमची बादलीभर कढत पाण्याची सवय त्यात भागणार नाही. पण जवळच ‘कम्फर्ट स्टेशन’ नावाची इमारत असते, स्वच्छ, स्वतंत्र न्हाणीघरं, हवं तेवढं गरम पाणी, कपडे धुवायची मशीन. तुम्ही दोघांनी आंघोळ तिथेच करावी असं मला वाटतं.

बाबा, तुमच्या इन्सुलिनबद्दल. अशा ट्रेलरमध्ये पुष्कळदा गॅसवरही चालणारा फ्रिज असतो. तो घरच्या फ्रिजसारखा झटपट थंड होत नाही, आठ ते बारा तास घेतो, आणि ट्रेलर तिरका उभा असला तर नीट चालतही नाही. म्हणून मालकाला तो आदल्या रात्रीच चालू करायला सांगेन. आत मागच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यांना टेकून ठेवलेली बाटली गोठू शकते आणि गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. डबीत घालून मधल्या फळीवर पुढे ठेवायचं, शेजारी छोटा थर्मामीटर. काटा २ ते ८ अंशांत दिसला नाही तर बर्फाची पेटी आहेच.

जानेवारी निवडलाय तो हवेसाठी. दिवसा २२ अंश, पहाटे १० च्या आसपास. उन्हाळ्यात तिथे रोज दुपारी गडगडाटी पाऊस आणि घामाची आंघोळ, छतावरचा एसी दिवसभर धापा टाकतो. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. जानेवारीतही सुरुवातीला मॅरेथॉनची गर्दी असते आणि तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीला भाव चढतात, म्हणून शेवटचा आठवडा. थंडीला कंटाळून उत्तरेकडून आलेल्या म्हाताऱ्यांनी त्या दिवसांत कँप भरलेला असतो, त्यामुळे जागा लवकर धरावी लागेल. मी सेटलमेंटजवळची ‘प्रीफर्ड’ जागा घेईन. थोडी महाग आहे, पण बोटीपर्यंत चालत जाता येतं. लांबची जागा मिळाली तर आधी आतली बस, मग बोट किंवा दुसरी बस, असं करत सकाळचा पाऊण तास जातो. कँपमध्ये स्वतःची कार घेऊन हिंडता येत नाही, फक्त जागेवर यायला-जायला. गोल्फ कार्ट भाड्याने मिळते, चारच माणसांची. आपण पाच. चिनू आणि अमित सायकलवर.

याला पर्याय तिथल्याच केबिनचा. जुन्या काढून नव्या बांधल्या, त्या २०२४ मध्ये उघडल्या, स्वयंपाकघर आणि खरं न्हाणीघर आहे, तुंबण्याची भानगड नाही. पण रात्रीला पाचशे डॉलरच्या आसपास आणि न्हाणीघर पाच जणांत एकच. ट्रेलर जमणार नसेल तर मी केबिन घेईन, आरव्ही नाही.

तेव्हा आई, आता एवढं कर. ट्रेलरच्या पायऱ्या आपल्या जिन्यापेक्षा उंच असतात, आठ-नऊ इंचांच्या, पहिली तर बरेचदा त्याहून उंच, आणि लोखंडी जाळीच्या. गॅलरीतला लाकडी पाट आणि त्यावर जाड टेलिफोन डिरेक्टरी, अशी नऊ इंच उंची टेपने मोजून कर. भिंतीला एका हाताने धरून चढ-उतर दहा वेळा, बाबा शेजारी असताना. रात्री झोपेतून उठल्यावर एकदा करून बघ, कारण खरी गरज तेव्हाच लागते. उतरताना गुडघ्यात कळ आली तर लपवू नकोस. आणि बाबा, तुमच्या खोलीचा पलंग भिंतीला लावून एक रात्र आतल्या बाजूला झोपा. बऱ्याच ट्रेलरमध्ये पलंग कोपऱ्यात असतो, आत झोपणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडून उठावं लागतं. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग मिळतो, पण तो ट्रेलर रात्रीला तीस-चाळीस डॉलरने महाग आहे. तुम्हाला रात्री किती वेळा उठावं लागतं ते खरं सांगा, त्यावर ठरवते.

रविवारी फोन करते, तोवर दोघांचंही करून झालेलं असू दे. सोमवारी जागेची अनामत भरायची आहे.

तुमची,
मनू