शून्य आणि रेघ

नारायणगाव,
12 सप्टेंबर

प्रिय ओंक्या,

तुझं पत्र मिळालं. दहावीच्या वर्षात संशोधनाचं खूळ डोक्यात घेतलंस म्हणून काकू वैतागल्या असतील, मला मात्र बरं वाटलं. आयसर या विज्ञान संशोधन संस्थेच्या प्राध्यापकांना मेल टाकू का, असं विचारलंयस. टाक, पण आत्ता नको. लिहिणार काय त्यात? 'मला विज्ञानाची फार आवड आहे'? एवढ्यावर ते बिचारे तरी काय उत्तर देणार!

जूनपासून मी आणि नम्या पाऊस मोजतोय. हसू नकोस. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, झालं पर्जन्यमापक. बाटलीचं बूड खड्ड्याखड्ड्यांचं असतं, म्हणून तळाशी खडे टाकून थोडं पाणी भरायचं आणि पट्टीचा शून्य त्या पाण्याच्या रेषेला लावायचा. हवामान खात्यासारखंच आम्ही रोज सकाळी 8.30 ला वाचतो.

जुलैत एका सकाळी माझ्याकडे 31 मिलिमीटर भरला, नम्याकडे 19. घरं हाकेच्या अंतरावर! मला वाटलं, लागला शोध. तक्त्यावर लाल स्केचपेनने मथळासुद्धा लिहून मोकळा झालो. विज्ञानाच्या बाई घरी आल्या, त्यांनी बाटलीकडे बघितलंच नाही, वर बघितलं. गोठ्याच्या पत्र्याच्या पागोळ्या थेट बाटलीत पडत होत्या. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवायचा असतो म्हणे. आता माझी बाटली परसात मोकळ्यावर, चार विटांच्या मध्ये उभी आहे.

दुसरी गोष्ट सांगायलाही लाज वाटते. ऑगस्टमध्ये दोन दिवस मामाकडे गेलो होतो. आल्यावर साचलेलं पाणी न मोजताच ओतलं आणि वहीत 0, 0 लिहिलं. बाईंनी नम्याची वही शेजारी ठेवली. त्या दोन दिवसांत त्याच्याकडे 42 मिलिमीटर! रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "शून्य तू पाहिलंस का?" रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

आता प्रश्न असा धरलाय, की मोठा पाऊस झाल्यावर नम्याच्या विहिरीचं पाणी किती दिवसांनी चढतं. दोरीला गाठी मारून आत सोडतो. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत 10 ते 17 वयाच्या मुलांचे असलेच गावातले प्रकल्प चालतात, तिथे द्यायचा विचार आहे. शिवाय 28 फेब्रुवारीला खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात विज्ञानदिनाचं प्रदर्शन असतंच. तू ये तेव्हा. त्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या जवळून बघितल्यास की फोटो विसरशील.

तुझ्या सोसायटीत विहीर कुठली, पण गेटजवळ बहावा आहे ना? सीझनवॉच या लोकांनी केलेल्या झाडांच्या नोंदी गोळा करणाऱ्या उपक्रमात त्याची नोंद कर. आठवड्यातून एकदा पानं, फुलं, शेंगा बघायच्या आणि लिहायच्या, बस. काही महिन्यांनी काहीतरी खटकेल, जवळच्या दुसऱ्या बहाव्याशी जुळणार नाही. मग ते खटकलेलं लिही मेलमध्ये, आकड्यांसकट.

सोबत वहीच्या एका पानाची झेरॉक्स पाठवतोय. शाई पावसात फुटलीय, सांभाळून घे. 16 आणि 17 ऑगस्टपुढे खोडलेली शून्यं आणि आडव्या रेघा दिसतील, त्या माझ्या.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुज्या