समीरच्या आजाराबद्दल, सविस्तर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली आणि महत्त्वाचं बोलणं राहूनच गेलं, म्हणून लिहिते आहे.

समीरच्या आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ. त्याचा १ए प्रकार आहे. १७व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ या जनुकाची एक प्रत जास्तीची असल्यामुळे नसांवरचं मायलिनचं आवरण नीट बनत नाही आणि मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत सावकाश पोचतात. त्याच्या चपला पुढूनच झिजतात, सपाट रस्त्यावरही तो ठेचकाळतो आणि हल्ली शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, ते सगळं यातलंच. आजार हळूहळू वाढतो. बरं करणारं औषध नाही, पण व्यायाम आणि पावलाला आधार देणारे स्प्लिंट यांनी चालणं टिकतं. आयुष्य सहसा कमी होत नाही, बाबा. एक मात्र जपायचं: व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध अशा नसांना फार घातक ठरतं. त्याच्या फाईलच्या पहिल्याच पानावर तसं लिहून ठेवलंय.

आता मुलांचं. ‘दोघांपैकी एकाला होणार’ असं आई म्हणाली, पण तो हिशोब तसा नाही. प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी, आणि ती वेगवेगळी. दोघांनाही असेल, किंवा एकालाही नसेल. ज्याच्याकडे ती जास्तीची प्रत आलीच नाही, त्याच्याकडून पुढच्या पिढीतही जात नाही.

दोघांची जनुकीय तपासणी आम्ही आत्ता करणार नाही. त्यांना आत्ता त्रास काहीच नाही, आणि निकाल कळून आज उपचारात फरक पडणार नाही. मोठी झाली की त्यांचं त्यांनी ठरवावं, हा त्यांचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. पाय वारंवार मुरगळायला लागले, टाचांवर चालता येईना, तर मात्र लगेच दाखवू. तोवर ती खेळत असताना त्यांच्या पावलांकडे टक लावून बघू नका. मुलांना ते कळतं.

मनाला सगळ्यात जास्त लागलंय ते सासूबाईंचं. त्यांचे पायही असेच, आयुष्यभर संधिवात समजून दिवस काढले. आता ‘माझ्यामुळे झालं’ म्हणून जेवत नाहीत. कुणी निवडून दिलेलं नसतं हे, मी किती वेळा सांगितलं, पण सुनेचं सांगणं वेगळं आणि बरोबरीच्या बाईचं वेगळं.

आई, तू त्यांना फोन कर. आजाराचा विषय त्यांनी काढला तरच बोल, नाहीतर नेहमीसारख्या गप्पा मार. दुपारी त्या एकट्याच असतात.

तुमची,
मीनू