ताजमधल्या त्या ताईंचे आभार

परवा आईला मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये चहाला नेलं होतं. १९०३ सालची ही वास्तू. २००८च्या हल्ल्यात ती जळताना टीव्हीवर पाहिल्यापासून आईला तो मधला भव्य जिना धड उभा असलेला बघायचा होता. नूतनीकरणानंतर, १५ ऑगस्ट २०१० रोजी, हा भाग पुन्हा उघडला. सगळं लखलखीत झालंय, पण जिन्याचं जुनं रूप जपलंय, ते मला फार भावलं.

त्याच जिन्यात आईला घेरी आली. मी पार गांगरले. तिथल्या एका कर्मचारी ताईंनी तिला पायरीवर टेकवून बसवलं आणि आपल्या नेटक्या साडीचा विचार न करता त्याही खाली बसल्या. आईच्या चपला काढून तळवे चोळले, लिंबू-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. आई सारखी म्हणत होती, "लोकांना जायला अडचण होतेय गं." त्या म्हणाल्या, "मावशी, लोक थांबतील. तुम्ही सावकाश घ्या."

एका वयस्कर पाहुण्यांनी पाठीला उशी आणून दिली. निघताना ताईंनीच आईच्या पायात चपला घातल्या आणि टॅक्सीपर्यंत हात धरून आल्या. नाव विचारलं तर नुसत्या हसल्या.

ताई, आई आता छान आहे. तुमचे आणि त्या काकांचे मनापासून आभार.